चालक व सहायक यांच्याशिवाय

मला ट्रक चालवता येत नाही. स्कूटीसुद्धा मी भीत भीतच चालवते, आणि हे आमच्या यार्डातल्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं. चंद्रपूरच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये मी बरीच वर्षं वर्गात बसून रस्त्यावरच्या खुणा, नियम आणि प्रथमोपचार शिकवत होते. तिथून राजुरा रस्त्यावरच्या एका ट्रक मालकांनी मला आपल्या यार्डात बोलावून घेतलं. दक्षिण गडचिरोलीतल्या लोखंडाच्या खाणीतून त्यांचे टिप्पर दगड वाहून आणायचे. खाणीच्या कंपनीने सगळ्या वाहतूकदारांना कळवलं होतं की यापुढे सुरक्षा मान्यता असलेल्या गाड्यांनाच आत घेतलं जाईल. मान्यता म्हणजे गाडी, ड्रायव्हर, मालक, सगळ्यांची तपासणी. मालक स्वतः ड्रायव्हरकीतून वर आलेले. त्यांनी नियमांचं जाडजूड पुस्तक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे वाचून वाचून डोकं फिरलं माझं. तुम्ही सांगाल तसं करू. पण गाड्या उभ्या नाई राह्यल्या पाह्यजे."

कामाला लागले. गाड्यांना मागून-बाजूने रेडियमच्या पट्ट्या लावल्या, मागे घेताना वाजणारे भोंगे बसवले, चाकांना लावायचे लाकडी ठोकळे करून घेतले, प्रत्येक केबिनमध्ये आग विझवायचं नळकांडं टांगलं. ही कामं सोपी होती. ड्रायव्हरांना चप्पल सोडून बूट घालायला लावणं अवघड होतं. "मॅडम, बूट घातला का ब्रेकचा अंदाजच नाई येत पायाले," असं एकाने सांगितलं की बाकीचे माना हलवायचे. पट्टा बांधायचा तर पोट आवळतं. डोळे तपासायचे म्हटल्यावर एक जण चक्क आठवडाभर गावाला निघून गेला. पण हळूहळू मंडळी रुळली. मीही त्यांच्या चहाला नाही म्हणायचं सोडलं.

अशीच एकेक गाडी आतून-बाहेरून बघत असताना मी एका गाडीच्या केबिनमध्ये चढायला गेले. चढायच्या आधीच आतून आवाज आला, "पाय जपून ठेवा जी, खालची पायरी ढिल्ली हाये."

सीटमागच्या फळीवर एक बाई बसून लसूण सोलत होती. पन्नाशीची असेल. हातावर गोंदण, केस घट्ट विंचरलेले. फळीवर घडी घातलेलं अंथरूण होतं, खिळ्याला छोटा आरसा, दोरीवर दोन लुगडी, एका डब्यात तांदूळ, एकात डाळ. कोपऱ्यात कपड्यात गुंडाळलेला लहान स्टोव्ह. मी स्टोव्हकडे बघते आहे हे तिच्या लक्षात आलं. "गाडी उभी असतानाच पेटवतो," ती घाईने म्हणाली, "खाली उतरून. आत कधीच नाई."

ती त्या गाडीच्या ड्रायव्हरची बायको. मी त्यांना भाऊ म्हणायची, तिला बाई. पुढे दोघांची हकीकत मला कळली ती थोडी तिच्याकडून, थोडी मालकांकडून. भाऊ चामोर्शीकडच्या एका गावचे, धानाची शेती असलेल्या घरातले. बाई अहेरीच्या पलीकडच्या जंगलातल्या गोंडी पाड्यातली. तरुणपणी भाऊ बांबूच्या गाडीवर होते, तिथे तिला पाहिलं आणि लग्न केलं. दोन्ही घरांनी तोंड फिरवलं. तिच्या गावाने तिला परत घेतलं नाही, आणि भाऊंच्या घरात तिला ओसरीच्या आत चूल मिळाली नाही. मूल झालं नाही, त्याचा ठपकाही तिच्यावरच. एकदा सासरी काहीतरी फार लागट बोलणं झालं, तेव्हा भाऊंनी तिला गाडीत बसवलं. "चार दिस फिरून येऊ म्हणले," बाई मला सांगत होती, "मंग मी उतरलीच नाई."

त्यांचं घर कुठे आहे असं कोणी विचारलं तर दोघंही हसून गाडीकडे हात करायचे.

भाऊ बोलायला कमी. बाई मात्र सतत बोलत असे. गाडी चालू झाली की तिचं सुरू व्हायचं. डावीकडे खड्डा आहे, पुढे गुरं आहेत, तो मोह यंदा लवकर गळाला, त्या वळणावर मागच्या खेपेला कोल्हा आडवा गेला होता. भाऊ तिच्याशी गोंडीत बोलायचे. केबिनमध्येच शिकले ते, तिच्याकडून. भाऊंच्या घरात तिला ती भाषा कोणी बोलू देत नसे.

मी यार्डात परत येऊन नियमांचं पुस्तक उघडलं. मला ते वाक्य माहीतच होतं, तरी पुन्हा वाचलं. केबिनमध्ये चालक व सहायक यांच्याशिवाय कोणीही प्रवास करू नये. नियम उगाच आलेला नव्हता. आमच्याकडे आडवाटेच्या गावांना एसटी धड मिळत नाही, म्हणून बाजारच्या दिवशी बाया ट्रकला हात दाखवतात आणि ड्रायव्हरही बसवून घेतात. अशाच एका गाडीचा टायर फुटून ती कलंडली होती आणि केबिनमधल्या दोन बाया दबून मेल्या होत्या. मी तो रस्ता दुसऱ्या दिवशी पाहिला होता. वाटेवर विखुरलेला बाजार पाहिला होता. हा नियम चुकीचा आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मालकांना सांगितलं तर त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं. "तुम्हीच सांगा त्यायले," म्हणाले, "माझ्याच्यानं नाई होणार."

मी दोघांना यार्डातल्या बाभळीखाली बसवून सांगितलं. भाऊ खाली मान घालून ऐकत राहिले. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मी कुठी जाऊ?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. रस्ता विचारावा तसं विचारलं. मी पुस्तक पुन्हा उघडलं.

पण वाक्यात सहायक हा शब्दही होता. मी मालकांना म्हटलं, बाईंनाच सहायक करू. नियमात कुठेही सहायक पुरुषच हवा असं लिहिलेलं नाही. मालकांना ते एकदम पटलं. भाऊंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. बाई मात्र घाबरली. "मले वाचता नाई येत मॅडम."

"चित्रं ओळखायची आहेत. वाचायचं फार नाही."

मग रोज गाडी यार्डात आली की आमची शाळा भरायची. मी पुठ्ठ्यावरच्या खुणा दाखवायची आणि बाई सांगायची. वळण आलं, शाळा आली, पूल अरुंद आहे. काही खुणांत ती हमखास गोंधळायची. ओव्हरटेक करू नये या खुणेतल्या दोन गाड्या पाहून ती दर वेळी म्हणायची, "सोबत जा." मी समजावून थकले. भाऊ बाजूला उभे राहून हसायचे आणि रस्त्यावरून जाताना त्याच खुणेपाशी तिला मुद्दाम विचारायचे. शेवटी तेही जमलं. डॉक्टरांनी तपासलं, डोळे चांगले निघाले, रक्त थोडं कमी होतं तेवढंच. तिच्या मापाचे बूट मिळेनात म्हणून मालकांनी चंद्रपुरातून शाळकरी पोरांचे काळे बूट आणले. पिवळं जाकीट घालून, लुगड्याचा कासोटा खोचून, ते बूट घालून बाई यार्डात चालून दाखवत होती तेव्हा सगळे ड्रायव्हर गोळा झाले होते. ती लाजून तोंडाला पदर लावायला गेली, पण पदर जाकिटात अडकला होता. आम्ही खूप हसलो त्या दिवशी.

तपासणीला कंपनीचे एक अधिकारी आले. सभ्य माणूस होता. गाड्या पाहून समाधान झालं त्यांचं. बाईंचे कागद हातात घेऊन मात्र ते थांबले. मला बाजूला नेऊन म्हणाले, "मॅडम, कागदात चूक काही नाही. पण खाणीत लोडिंगला गाड्या कधी कधी दिवसदिवस रांगेत असतात. आत बायकांसाठी संडास नाही. विश्रांतीची खोली आहे, ती पुरुषांची. उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार? मी सही नाही करू शकत."

"त्या इतकी वर्षं त्याच रांगेत राहतायत," मी म्हटलं.

"तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत झालं."

मी अर्ज केला, त्यांच्या वरच्या साहेबांना भेटले. सोय होईल, विचार सुरू आहे, असं उत्तर मिळालं. तोपर्यंत गाडी उभी ठेवणं मालकांना परवडणारं नव्हतं, आणि हे भाऊंनाही कळत होतं.

बाईनेच केबिन रिकामी केली. कोणाला हात लावू दिला नाही. आरसा काढला, दोऱ्या सोडल्या, डबे उतरवले, फळी ओल्या फडक्याने पुसली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू द्या, तुमचे हात खराब होतील." भाऊ यार्डाच्या फाटकाजवळ पाठ करून उभे होते. सामान गोळा झालं तर दोन बोचकी झाली. एवढ्या वर्षांचा संसार दोन बोचक्यांत मावला हे पाहून बाईलाच नवल वाटलं. "बाप्पा, मले वाटे का लय हाये," ती म्हणाली.

ती दिराकडे चामोर्शीजवळच्या गावी राहायला गेली. दुसरीकडे जाण्यासारखं काही नव्हतं. ओसरीवर एक कोपरा मिळाला, चूल वेगळी. भाऊंच्या गाडीवर सहायक म्हणून राजुऱ्याचा एक माणूस दिला. चांगला होता, पण कानात वायर घालून बसायचा. झोप लागू नये म्हणून आता प्रत्येक केबिनमध्ये कॅमेरा होता. ड्रायव्हरचे डोळे क्षणभर जास्त मिटले की तो ओरडायचा आणि माझ्या संगणकावर त्याची नोंद यायची.

दिराचं गाव रस्त्याला लागून आहे. भाऊंची गाडी तिथूनच जायची. बाई फाट्यावर डबा घेऊन उभी राहायला लागली. नवीन नियमात ठरलेल्या थांब्यांशिवाय गाडी थांबवायची परवानगी नव्हती. तो फाटा वळणावर आहे, दोन्ही बाजूंना धानाचे बांध, टिप्पर रस्त्याखाली घ्यायला जागा नाही. तिथे थांबा मिळावा म्हणून मी विचारून पाहिलं. नकार आला, आणि जागा पाहिली तर तो नकार बरोबरच होता. भाऊंना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "थांबत नाई मॅडम. फक्त हळू करतो."

हळू करायचे, ती पुढे येऊन डबा वर करायची, सहायक खिडकीतून वाकून घ्यायचा. नंतर मी तेही बंद करायला सांगितलं, कारण मागून गाड्या येतात आणि एखादा पाय घसरला तर काय, ह्या विचाराने माझाच जीव थाऱ्यावर राहत नव्हता. त्यानंतर बाई नुसतीच उभी राहायची. भाऊ हॉर्न द्यायचे. कधी मी फोन केला तर ती सांगायची, "आज हात हलवला जी यायनं." दिवसभर बोलणाऱ्या बाईजवळ आता तेवढंच सांगण्यासारखं असायचं. घरात तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. भांडण नव्हतं, त्रास नव्हता, नुसतं बोलत नव्हते.

पावसाळ्यात तिला ताप आला. आमच्याकडे पावसाळ्यात ताप येणं नवं नाही. तिनेही अंगावर काढला. एका सकाळी तिच्या जावेचा मला फोन आला. बाई रात्रीपासून कोणाला ओळखत नाही, चामोर्शीच्या दवाखान्यातून गडचिरोलीला पाठवलं, मलेरिया मेंदूत गेला म्हणतात, आणि भाऊंचा फोन लागत नाही.

लागणारच नव्हता. खाणीत फोन नेता येत नाही, फाटकावरच जमा करावा लागतो. हाही सुरक्षेचाच नियम. मी फाटकावर फोन केला, गाडीचा नंबर सांगितला. तिकडच्या माणसाने लगेच आत कळवायचं कबूल केलं आणि कळवलंही असावं. पण पावसाने लोडिंग थांबलं होतं, गाड्या चिखलात रुतून होत्या आणि भाऊंची गाडी रांगेत कुठेतरी मध्ये. निरोप माणसांमधून माणसांत जात राहिला.

मालकांनी गाडी काढली आणि आम्ही गडचिरोलीला पोचलो. बाई खाटेवर होती. सलाइन लावलेलं. इतकी लहान दिसत होती की मी आधी पुढच्या खाटेकडे गेले. तिचे डोळे अर्धवट उघडे होते आणि ती बोलत होती. सारखी बोलत होती, गोंडीत, थांबून थांबून, मध्येच एक हात उचलून. मला काही समजेना. तिथल्या एक नर्सबाई एटापल्लीकडच्या होत्या. मी त्यांना विचारलं, काय म्हणतायत?

त्यांनी कान देऊन ऐकलं. "काही नाही हो, तापात बडबडतायत. म्हणतात, डावीकडे घे. पुढे गुरं आहेत. हळू. पूल ओला आहे." सलाइन नीट करत त्या म्हणाल्या, "कोणाला तरी रस्ता सांगतायत."

मी तिचा हात धरून बसले. हात भट्टीसारखा तापला होता. दुपारनंतर ती बोलायची थांबली. डॉक्टरांनी, नर्सबाईंनी खूप केलं. ती गेली तेव्हा बाहेर पाऊस उघडला होता आणि व्हरांड्यात लोक जेवायचे डबे सोडत होते.

मधल्या वेळात भाऊंचा फोन आला होता. निरोप मिळाला होता. पहिलं वाक्य होतं, "मॅडम, गाडी कोणाजवळ देऊ?"

"चावी फाटकावर द्या आणि निघा. गाडीचं आम्ही बघतो."

एकाच्या मोटारसायकलवर अहेरीपर्यंत, तिथून एसटीने, तिथून पुढे कोणाच्या तरी जीपने ते आले. कंपनीचं पिवळं जाकीट अंगावर तसंच होतं. गुडघ्यापर्यंत लाल चिखल. आम्ही व्हरांड्यातच उभे होतो, मालकांनी त्यांना धरलं, तेव्हा त्यांना कळलं. ते रडले नाहीत. आत गेले, तिच्या तोंडावरून हात फिरवला, खाली बसून राहिले. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "काई बोलली का?"

मी नर्सबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. डावीकडे घे, गुरं आहेत, पूल ओला आहे.

भाऊंनी ते नीट ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे गाडीतच होती ती."

आणि तेव्हा त्यांना रडू फुटलं. एवढा मोठा माणूस, जमिनीवर डोकं टेकवून.

तिचे दिवस-कार्य झाल्यावर ते कामावर परत आले. मालकांनी आराम करा म्हटलं, पण घरी करायचं काय, असं ते म्हणाले. काही आठवडे गेले आणि माझ्या संगणकावर त्यांच्या गाडीच्या नोंदी वाढू लागल्या. डोळे मिटल्याच्या. बहुतेक सगळ्या चामोर्शीच्या अलीकडे-पलीकडे. मला भीती वाटली. झोप होत नसणार. मी त्यांना बोलावून समोर बसवलं.

"भाऊ, रस्त्यात डोळा लागून राह्यला का? खरं सांगा. मी रागावणार नाही."

"नाई मॅडम."

"कॅमेरा दाखवतोय ना. बघा, इथे, इथे, इथे."

ते पडद्याकडे बघत राहिले. "झोप नाई जी ती," ते म्हणाले. "डोळे पुसतो. फाटा आला का दिसत नाई मले समोरचं."

मी पडदा बंद केला. पुस्तकात थकलेल्या ड्रायव्हरसाठी नियम आहे, प्यालेल्या ड्रायव्हरसाठी आहे, आजारी ड्रायव्हरसाठी आहे. ह्याला काय म्हणायचं मला कळेना. मी मालकांशी बोलून त्यांना दुसऱ्या रस्त्यावर, राजुऱ्याकडच्या कोळशाच्या फेऱ्यांवर टाकायचं ठरवत होते. पण भाऊ दुसऱ्या दिवशी यार्डात आले, गाडी धुतली, चावी मालकांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "माझ्या हातून कोणाचं काई झालं तर मले सहन नाई होणार. नका देऊ आता गाडी." मालकांनी यार्डात राखणदार म्हणून राहा, असं खूप विनवलं. ते थांबले नाहीत.

पुढे खाणीत बायका कामाला लागल्या. मोठमोठे डंपर चालवणाऱ्या मुलीही आल्या आता. त्यांच्यासाठी विश्रांतीची खोली झाली, संडास झाले, स्वच्छ, पाणी असलेले. माझ्या जुन्या अर्जाचा त्यात काही हात असेल-नसेल. तपासणीसाठी गेले होते तेव्हा तिथल्या मुलींनी मला आग्रहाने त्या खोलीत बसवलं, पंखा लावला. पाणी पिऊन मी लगेच बाहेर आले. काम आहे म्हटलं.

भाऊ मला मागच्या उन्हाळ्यात चामोर्शीच्या बाजारात भेटले. मी एका दुसऱ्या मालकाच्या ड्रायव्हरांना शिकवायला गेले होते, परतीच्या एसटीला वेळ होता. जंगलाकडच्या बाया चारोळी आणि मोहफुलं घेऊन बसतात त्या रांगेच्या टोकाला ते उकिडवे बसले होते, आणि एका म्हातारीशी गोंडीत बोलत होते. ती त्यांच्या बोलण्याला हसत होती. भाऊंची दाढी वाढलेली, अंगाने बरेच वाळलेले. मला पाहून उठले, लिंबाखाली नेऊन बसवलं, चहा मागवला. भावाच्या शेतात राबतो, म्हणाले. मी त्यांच्या तब्येतीचं विचारलं, त्यांनी माझ्या घरचं विचारलं.

"आपल्या गाड्या बऱ्या चालल्या का?" त्यांनी विचारलं.

"चालल्या. यंदा आपल्या एकाही गाडीचा अपघात नाही झाला भाऊ. कोणाला खरचटलंसुद्धा नाही."

"बरं झालं," ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते मनापासूनच म्हणाले होते. मला त्यांनी चार शब्द सुनावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी चहाचे दोन्ही पेले उचलून टपरीवर नेऊन दिले, माझी पिशवी स्टँडपर्यंत आणली, खिडकीजवळची जागा धरून दिली आणि एसटी हलेपर्यंत उन्हात उभे राहिले.